‘मॉब’ या शब्दावर चिडलेला गलिव्हरचा बाप

लिलिपुटची बुटकी माणसं आणि त्यांनी दोऱ्यांनी जखडलेला गलिव्हर आपण लहानपणीच वाचलेला असतो. तो लिहिणारा जोनाथन स्विफ्ट आज असता, तर आपलं चॅट वाचून त्याचं डोकंच फिरलं असतं.

१६६७ साली डब्लिनमध्ये जन्म. वडील त्याआधीच वारलेले, शिक्षण काकांनी केलं. पुढे तो पाद्री झाला आणि १७१० मध्ये लंडनला सत्ताधाऱ्यांच्या गोटात पोचला.

तेव्हा लंडनमध्ये शब्द तोडून बोलायची फॅशन होती. पॉझिटिव्हचं पॉझ करायचे. चंचल जमाव या अर्थाच्या ‘मोबिले वुल्गुस’ या लॅटिन शब्दांचं तर नुसतं मॉब उरलं होतं. स्विफ्टने ‘टॅटलर’मधून या सगळ्याची टर उडवली. बँटर, बँबूझल हेही त्याच्या काळ्या यादीत होते. १७१२ मध्ये त्याने थेट अर्ल ऑफ ऑक्सफर्डपुढे प्रस्ताव ठेवला: फ्रान्ससारखी भाषेची अकादमी काढा आणि इंग्रजी कायमची पक्की करून टाका.

आता गंमत बघा. त्याच काळात हा गडी डब्लिनमधल्या जिवलग मैत्रिणीला, स्टेलाला, पत्रं लिहीत होता. त्यात चक्क बोबडं इंग्रजी! डिअरेस्टचं डीलेस्ट, आणि तिच्यासाठी तीन अक्षरी खूण, पीपीटी. (नाही, ऑफिसवालं पीपीटी नाही.) म्हणजे लोकांनी तोडलेले शब्द खटकायचे, स्वतःचे गोड वाटायचे. आपल्यातलेही बरेच असेच असतात.

१७१४ मध्ये राणी ॲन वारली, सरकार बदललं आणि अकादमी बारगळली. स्विफ्ट डब्लिनला परतला. तिथे तो सेंट पॅट्रिक्स कॅथेड्रलचा डीन होता.

१७२६ मध्ये ‘गलिव्हर्स ट्रॅव्हल्स’ आलं. त्यातल्या रानटी माणसांना त्याने मनानेच नाव दिलं, याहू. लोकांनी तो शब्द उचलला, अडाणी-दांडग्या माणसासाठी शिवी म्हणून वापरला. नव्वदच्या दशकात तो एका वेबसाइटचं नाव झाला.

पॉझ मेला, त्या बाबतीत स्विफ्ट जिंकला म्हणायचं. मॉब मात्र इतका टिकला, की आज मराठी बातम्यांतही मॉब लिंचिंग हा शब्द येतो.

१७४५ मध्ये स्विफ्ट गेला. दहा वर्षांनी सॅम्युअल जॉन्सनचा प्रसिद्ध शब्दकोश आला. त्यात मॉब होता. बँबूझलही होता, फक्त हलका शब्द असल्याचा शेरा मारून.