स्वरांचे साधक : उस्ताद अब्दुल करीम खाँ

तान्ह्या मुलाला शब्द कळत नाहीत. पण आईचा लाडाचा व रागाचा स्वर त्याला कळतो. स्वर चढला-उतरला की कानातील शंखाकृती नळीत निराळ्या जागी कंपने उठतात आणि मेंदू तो फरक टिपतो. ही शक्ती रियाजाने किती सूक्ष्म होते, हे खाँसाहेबांच्या चरित्रात पाहा.

त्यांचा जन्म १८७२ साली उत्तरेकडील कैराना गावी झाला. पुढे ते मिरजेस स्थायिक झाले. सांगलीचे कृष्णाजी बल्लाळ देवल व इंग्रज अधिकारी क्लेमंट्स श्रुतींचा शास्त्रीय अभ्यास करीत होते. स्वरांतील बारीक अंतरे पारखण्यास त्यांना खाँसाहेबांच्या गळ्याचाच आधार मिळाला. १९१३ साली त्यांनी पुण्यात आर्य संगीत विद्यालय काढले. सवाई गंधर्व त्यांचेच शिष्य. १९३७ साली प्रवासात त्यांचे निधन झाले. मिरजेच्या दर्ग्याच्या आवारात ते चिरविश्रांती घेत आहेत.

पालकहो, सरावाने मेंदूची स्वर ओळखण्याची शक्ती वाढते, हे आज विज्ञानानेही दाखविले आहे. तेव्हा मोताळ्यातील आपले मूल एखाद्या विषयात एकदा अडले, तर त्याला नालायक ठरवू नका. त्याच्या रियाजाला वेळ द्या.