मुलं शाळेत येईनात, म्हणून शाळाच कुरणात नेणाऱ्या अनुताई वाघ

अंगणवाडी आज गावोगावी दिसते. पण ती रुजवण्यासाठी एका शिक्षिकेनं आयुष्य वेचलं.

अनुताई वाघ यांचा जन्म 17 मार्च 1910 चा, पुणे जिल्ह्यातल्या मोरगावचा. तेराव्या वर्षी लग्न झालं आणि काही महिन्यांतच वैधव्य आलं. अनुताई मात्र शिकल्या, शिक्षिका झाल्या. पुण्यात हुजूरपागेत नोकरी करताना रात्रशाळेतून मॅट्रिक झाल्या.

1945 मध्ये ताराबाई मोडक यांनी बोर्डीत ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केलं. अनुताई तिथं गेल्या आणि कायमच्या तिथल्याच झाल्या. पुढे हे काम डहाणूजवळच्या कोसबाडच्या टेकडीवर गेलं.

इथली वारली मुलं शाळेत येत नव्हती. कुणाला गुरं राखायची असत, कुणाला धाकटी भावंडं सांभाळायची असत.

मग शाळाच पाड्यावर गेली. अंगणात भरली ती अंगणवाडी, गुरं चरतात तिथं भरली ती कुरणशाळा. पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकत्र आणून विकासवाडी उभी राहिली. त्यामुळे ताईला शिकताना कडेवरचं भावंडही सोबत आणता येऊ लागलं. महागड्या साधनांऐवजी माती, पानं, बिया आणि शिंपले वापरले गेले.

पन्नाशी उलटल्यावर अनुताई बी.ए. झाल्या. 1973 मध्ये ताराबाई गेल्या, तरी काम थांबलं नाही. 1975 मध्ये केंद्र सरकारच्या बालविकास योजनेतून अंगणवाडी देशभर पोहोचली. 1985 मध्ये अनुताईंना पद्मश्री मिळाली.

27 सप्टेंबर 1992 रोजी त्यांचं निधन झालं. स्वतःचं मूल नसलेल्या अनुताईंनी पाड्यापाड्यावरच्या मुलांना आईसारखं वाढवलं होतं.