घर हेच देऊळ : संत जोसेफ वाझ



देवळे हातची गेली, धर्मगुरू हद्दपार झाले, तर श्रद्धा किती दिवस टिकेल? श्रीलंकेत ती जवळजवळ ३० वर्षे टिकली, आणि ती घराघरांत टिकली.

१६५८ साली डचांनी पोर्तुगीजांकडून जाफना जिंकले. कॅथलिक उपासनेवर बंदी आली. देवळे डचांच्या प्रॉटेस्टंट पंथाकडे गेली. कॅथलिकांनाही बाप्तिस्म्यासाठी आणि लग्नासाठी तिथेच जावे लागे. घरी मात्र दारे लावून जुन्या प्रार्थना चालू राहिल्या.

त्यांची हाक गोव्यातील फादर जोसेफ वाझ यांनी ऐकली. २१ एप्रिल १६५१ रोजी बाणावली येथे जन्मलेले फादर १६८७ मध्ये मजुराच्या वेषात जाफन्यात उतरले. गळ्यात रोझरी घालून ते दारोदार भीक मागत. रोझरी पाहून ज्याचा चेहरा उजळे, तो आपला हे त्यांना कळे. मग रात्री त्याच घरात मिस्सा होई. १६८९ च्या नाताळात डच सैनिकांनी अशा घरांवर छापे घातले. अनेक भाविक पकडले गेले, फादर निसटले.

१६९२ मध्ये ते कँडीला पोहोचले. तिथे पोर्तुगीजांचे हेर समजून त्यांना कैदेत टाकले गेले. कैदेतही त्यांनी एक झोपडी उभारून तिचे देऊळ केले. १६९७ मध्ये देवीची साथ आली, तेव्हा घरच्यांनीही टाकून दिलेल्या रोग्यांची त्यांनी सेवा केली. मातृभाषा कोकणी असलेले फादर तमिळ आणि सिंहली शिकले. त्यांचे सोबती फादर जाकोमे गोन्साल्विस यांनी पुढे याच भाषांत धर्मग्रंथ लिहिले. उपासना लोकांच्या जिभेवर आली, म्हणून ती रुजली. १६ जानेवारी १७११ रोजी कँडी येथे फादर जोसेफ प्रभूघरी गेले. १४ जानेवारी २०१५ रोजी पोप फ्रान्सिस यांनी कोलंबोत त्यांना संत घोषित केले.

बदलत्या काळाने आपल्यालाही पुष्कळ चांगले दिले आहे. मिस्सा आपल्या मराठीत होते, वाद्ये आली, माईक आले. पण घराला आशीर्वाद द्यायला गेलो की वेदी दिसते, आणि तिच्यासमोर एकत्र बसणारे कुटुंब क्वचितच दिसते. संध्याकाळची वेळ मालिकांनी आणि मोबाइलने घेतली आहे. जाफन्याच्या त्या घरांतील प्रार्थना डचांच्या बंदीलाही थांबवता आली नाही. आपली तर आपण कुणी न सांगताच थांबवली.

या आठवड्यात एक संध्याकाळ ठरवूया. टीव्ही बंद, मोबाइल बाजूला, आणि आजीपासून नातवापर्यंत सर्वांनी मिळून एक रोझरी. आपले घर पुन्हा देऊळ व्हायला एवढी सुरुवात पुरे आहे.

आपला,
धर्मग्राम प्रमुख