इंटरनेटचा चित्रगुप्त : जॉन पोस्टेल

मेसच्या भाजीबद्दलची तक्रार सोडली तर आपल्या होस्टेलमध्ये सगळ्यात जास्त ऐकू येणारं वाक्य म्हणजे ‘नेट बंद आहे’. पण या तीन शब्दांमागे निरनिराळे आजार असतात. कधी वायर निघालेली असते. कधी वायर ठीक, पण मशीनला नंबरच मिळालेला नसतो. कधी नंबर असतो, पण बाहेर जायचा रस्ता नसतो. आणि कधी रस्ताही असतो, फक्त नाव ओळखलं जात नाही. आपलं औषध मात्र सगळ्यांवर एकच : राउटर बंद करा आणि परत चालू करा!

हे आजार एकमेकांपासून वेगळे करून तपासता येतात याचं बरंचसं श्रेय ज्या माणसाला जातं, त्याच्यावर आमच्या नेटवर्कच्या पेपरला कधी एक मार्काचाही प्रश्न आला नाही. त्याने लिहिलेले प्रोटोकॉल मात्र सगळे आले. म्हणून हा लेख. त्याचं नाव जॉन पोस्टेल. (एकेरी उल्लेख करतोय, कारण इतके दिवस त्याचे कागद वाचून तो आपल्याच विंगमधला एखादा सिनिअर वाटायला लागलाय.)

जोनाथन ब्रूस पोस्टेलचा जन्म ६ ऑगस्ट १९४३ चा, अमेरिकेत कॅलिफोर्नियातल्या अल्टाडेनाचा. लॉस एंजेलिसजवळच्या व्हॅन नाइस हायस्कूलमध्ये तो शिकला. गंमत म्हणजे व्हिंट सर्फ आणि स्टीव्ह क्रॉकर हेही त्याच शाळेचे विद्यार्थी. पुढे हे तिघं लॉस एंजेलिसच्या कॅलिफोर्निया विद्यापीठात, म्हणजे यूसीएलएत, एकाच प्रोजेक्टवर भेटले. पोस्टेलने तिथून १९६६ साली इंजिनिअरिंगची पदवी घेतली, १९६८ मध्ये मास्टर्स केलं आणि १९७४ मध्ये कॉम्प्युटर सायन्समध्ये पीएच.डी. मिळवली.

प्रोजेक्ट होता आर्पानेट, म्हणजे आजच्या इंटरनेटचा पूर्वज. सप्टेंबर १९६९ मध्ये यूसीएलएतल्या प्रोफेसर क्लाइनरॉक यांच्या लॅबमध्ये त्याचं पहिलं केंद्र बसलं. २९ ऑक्टोबरला तिथून स्टॅनफर्ड रिसर्च इन्स्टिट्यूटच्या कॉम्प्युटरवर लॉगिन करायचा प्रयत्न झाला आणि दोन अक्षरं गेल्यावर पलीकडचं मशीन झोपलं! म्हणजे ‘नेट बंद आहे’ ही तक्रार नेटइतकीच जुनी आहे.

हे सगळं उभं करणारी बरीचशी मंडळी तुमच्याआमच्यासारखी विद्यार्थी होती. आपले नियम कुणावर लादल्यासारखे वाटू नयेत म्हणून क्रॉकरने एप्रिल १९६९ मध्ये एक साधी पद्धत सुरू केली. जे सुचेल ते लिहायचं, त्याला क्रमांक द्यायचा आणि सगळ्यांचे अभिप्राय मागवायचे. याच त्या ‘रिक्वेस्ट फॉर कमेंट्स’, थोडक्यात आरएफसी. या कागदांचं संपादन, क्रमांक, भाषा, चुका सगळं पोस्टेलकडे आलं आणि ते त्याने मरेपर्यंत, जवळजवळ तीन दशकं सांभाळलं.

दुसरं काम त्याने स्वतःहून मागून घेतलं. नेटवर्कवर कुठली सेवा कुठल्या क्रमांकावर चालणार हे ज्याने त्याने आपल्या मनाने ठरवलं तर गोंधळ होणार. मे १९७२ मध्ये त्याने आरएफसी ३४९ लिहून सुचवलं की हे क्रमांक वाटायला एक माणूस नेमावा, आणि तो बहुधा मीच असावा. कोणी हरकत घेतली नाही. अशी कामं कोणालाच नको असतात ना! गॅदरिंगच्या वर्गणीचा हिशोब ठेवायला जसा एकच मुलगा कायम सापडतो, तसा नेटला पोस्टेल सापडला. आज डीएनएस ५३ क्रमांकाच्या पोर्टवर आणि वेबसाइट ८० वर मिळते, ती अशाच यादीमुळे. पुढे या यादीच्या कामाला ‘आयाना’ असं भारदस्त नाव पडलं. लोकांना वाटायचं, मोठी संस्था असेल. प्रत्यक्षात आयाना म्हणजे मुख्यतः पोस्टेल आणि १९८३ पासून त्याच्यासोबत असलेली जॉइस रेनॉल्ड्स. वाढलेली दाढी, पायात सँडल, सुट्टी मिळाली की पाठीवर सॅक टाकून डोंगरात भटकंती, असा हा चित्रगुप्त.

१९७७ पासून तो साउदर्न कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या इन्फॉर्मेशन सायन्सेस इन्स्टिट्यूटमध्ये होता. त्याच वर्षी त्याने एक महत्त्वाचा आक्षेप घेतला. तेव्हाचा टीसीपी दोन कामं एकत्र करत होता : डेटाचे तुकडे योग्य पत्त्यावर नेणं आणि ते सगळे नीट क्रमाने पोचले की नाही ते बघणं. पोस्टेलचं म्हणणं, ही दोन कामं वेगळी करा. १९७८ मध्ये तसं झालं, आणि आपण व्हायवाला घोकतो ती टीसीपी/आयपी ही जोडी जन्मली. सप्टेंबर १९८१ मध्ये आयपी, आयसीएमपी आणि टीसीपी यांचे आरएफसी ७९१, ७९२ आणि ७९३ त्याच्याच संपादनाखाली निघाले. १ जानेवारी १९८३ ला सगळं आर्पानेट या नव्या पद्धतीवर गेलं.

यातला ७९२ माझा लाडका. आयपी हा पोस्टमन आहे, पण पत्र हरवलं तर तो सांगायला येत नाही. ते सांगणाऱ्या चिठ्ठ्या आयसीएमपीच्या. पत्ता सापडला नाही, फार वेळ फिरत राहिला म्हणून टाकून दिला, आणि एक साधी हाक : आहेस का? त्या हाकेवर माइक म्यूसने डिसेंबर १९८३ मध्ये ‘पिंग’ लिहिलं. फिरत राहिल्याच्या चिठ्ठीवर व्हॅन जेकबसनने १९८७ मध्ये ‘ट्रेसराउट’ लिहिलं. आजही नेट बिघडलं की आपण ही दोनच हत्यारं आधी काढतो.

आता नावांची गोष्ट. मशीनला नंबर कळतात, माणसाला नावं. सुरुवातीला सगळ्या आर्पानेटसाठी एकच फाइल होती, होस्ट्स डॉट टीएक्सटी. स्टॅनफर्ड रिसर्च इन्स्टिट्यूटमध्ये एलिझाबेथ फाइनलर यांची टीम ती सांभाळायची. नवं मशीन आलं की त्यांना कळवायचं, त्या नोंद करणार, मग बाकीच्यांनी ती फाइल उतरवून घ्यायची. मशीनं वाढली तशी ही पद्धत कोलमडायला लागली. उपाय बरेच सुचवले गेले होते, त्यातून मार्ग काढायचं काम पोस्टेलने आपल्या इन्स्टिट्यूटमधल्या पॉल मॉकापेट्रिसला दिलं. मॉकापेट्रिसने स्वतःचीच नवी रचना मांडली. नोव्हेंबर १९८३ मध्ये आलेली ही रचना म्हणजे डीएनएस. एकच मोठी यादी नाही. प्रत्येकाने आपापल्या घरची यादी ठेवायची, आणि वरच्याला फक्त एवढंच ठाऊक की खालची यादी कोणाकडे आहे. ऑक्टोबर १९८४ मध्ये पोस्टेल आणि रेनॉल्ड्स यांनी आरएफसी ९२० मध्ये डॉट कॉम, डॉट एज्यु, डॉट ऑर्ग वगैरे वरची नावं नक्की केली.

देशांच्या नावांबाबत पोस्टेलची हुशारी बघा. कुठला प्रदेश देश आहे आणि कुठला नाही, या भांडणात तो पडलाच नाही. आंतरराष्ट्रीय मानक संस्थेची दोन अक्षरी यादी त्याने जशीच्या तशी घेतली. आपलं डॉट इन ८ मे १९८९ ला नोंदलं गेलं आणि त्याचा कारभार आला मुंबईत, जुहूच्या ‘नॅशनल सेंटर फॉर सॉफ्टवेअर टेक्नॉलॉजी’कडे. डॉ. श्रीनिवासन रमणी तिथले संचालक होते. २००५ मध्ये डॉट इन ‘निक्सी’कडे जाईपर्यंत भारताची वही जुहूलाच होती.

हा इतिहास कामाला येतो का? मला आला. गेल्या सुट्टीत मी एका छोट्या ऑफिसात इंटर्नशिप केली. चौदा कॉम्प्युटर, एक सर्व्हर, एक प्रिंटर. तेरा मशीनवरून सर्व्हर उघडायचा, अकाउंटवाल्या काकांच्या मशीनवरून नाही. तीन दिवस राउटर बंद-चालू करून झाला होता, वायर बदलून झाली होती, आणि काका आता विंडोज नव्याने टाकायला सांगत होते. त्यांचा सगळा डेटा त्याच मशीनवर, बॅकअप नाही!

मी पोस्टेलच्या क्रमाने खालून वर गेलो. स्विचवर दिवा लागलेला आहे? आहे. मशीनचा स्वतःचा नंबर काय? तो १६९.२५४ ने सुरू होत असता तर नंबर वाटणाऱ्या डीएचसीपीपर्यंत मशीन पोचलंच नाही असं समजायचं. तसं नव्हतं. मग राउटरच्या नंबरवर पिंग. उत्तर आलं. सर्व्हरच्या नंबरवर पिंग. उत्तर आलं. (इथे उत्तर आलं नाही म्हणून मशीन मेलं असं लगेच धरू नका, फायरवॉलही हाक अडवतो.) म्हणजे वायर, पत्ता, रस्ता सगळं शाबूत, आणि विंडोज पुसायचं काहीच कारण नाही.

उरलं नाव. सर्व्हरचं नाव देऊन पिंग केलं तर ते भलत्याच, जुन्या नंबरला हाक मारत होतं. पण ‘एनएसलुकअप’ने तेच नाव विचारलं तर बरोबर नंबर! दोघांत फरक हा की एनएसलुकअप थेट डीएनएस सर्व्हरला विचारतं, आणि पिंग आधी मशीनच्या स्वतःच्या होस्ट्स फाइलचं ऐकतं. हो, होस्ट्स डॉट टीएक्सटीची ही वारसदार अजून प्रत्येक कॉम्प्युटरमध्ये बसलेली आहे. उघडली. कोणीतरी कधीतरी तात्पुरता उपाय म्हणून त्यात सर्व्हरचा नंबर लिहिला होता. नंतर सर्व्हरचा नंबर बदलला, ही ओळ राहिली. ओळ काढली, काकांचा सर्व्हर उघडला, चहा आला.

बिघाड एका ओळीचा होता, पण ती ओळ कोणी आणि का लिहिली याची नोंद कुठेच नव्हती. ऑफिसचं नेटवर्क बघणारा आधीचा मुलगा नोकरी सोडून गेला आणि यादी त्याच्या डोक्यातच गेली.

पोस्टेलच्या बाबतीतही हाच प्रश्न जगासमोर उभा राहिला. नव्वदच्या दशकात नेटमध्ये पैसा आला. नावांच्या सर्वात वरच्या यादीचे, म्हणजे रूटचे, तेरा सर्व्हर होते. मुख्य सर्व्हर अमेरिकन सरकारच्या करारावर ‘नेटवर्क सोल्यूशन्स’ ही कंपनी चालवत होती आणि बाकीचे बारा त्याची नक्कल घ्यायचे. २८ जानेवारी १९९८ ला पोस्टेलने त्यातल्या आठ जणांना ईमेल केली, की यापुढे नक्कल माझ्या सर्व्हरवरून घ्या. आठही जणांनी ऐकलं! त्याच्याकडे ना पोलीस, ना कायदा, होता तो फक्त विश्वास. दोन्ही याद्या सारख्याच असल्याने वापरणाऱ्यांना काही कळलं नाही, पण व्हाइट हाऊसला कळलं. तिथल्या सल्लागारांनी दम दिल्यावर त्याने काही दिवसांत सगळं पूर्ववत केलं आणि ही चाचणी होती असं सांगितलं. ती खरंच चाचणी होती की सरकारला दिलेला इशारा, यावर अजून वाद आहेत. मला वाटतं, एकाच माणसाच्या शब्दावर इतकं अवलंबून राहणं बरं नाही, हे त्या आठवड्यात दोन्ही बाजूंना दिसलं.

त्याच वर्षी ३० सप्टेंबरला हे काम पुढे चालवण्यासाठी ‘आयकॅन’ ही संस्था स्थापन झाली. त्यानंतर सोळा दिवसांनी, १६ ऑक्टोबर १९९८ ला, हृदयाच्या झडपेच्या शस्त्रक्रियेनंतर पोस्टेल गेला. वय ५५. सर्फने श्रद्धांजली लिहिली तीही आरएफसी म्हणूनच, क्रमांक २४६८. २०१६ मध्ये अमेरिकन सरकारनेही या यादीवरची आपली देखरेख सोडली.

पोस्टेलचं सगळंच आज तसंच्या तसं मानलं जातं असं नाही. पाठवताना काटेकोर राहा आणि दुसऱ्याचं स्वीकारताना उदार राहा, हे त्याचं तत्त्व प्रसिद्ध आहे. आताचे तज्ज्ञ म्हणतात की अति उदारपणाने चुका लपतात आणि पुढे महागात पडतात. असो. पण तो गेला त्या दिवशी जगातली एकही वेबसाइट त्यामुळे बंद पडली नाही. कारण त्याची यादी त्याच्या डोक्यात नव्हती. ती लिहिलेली होती, क्रमांकवार होती आणि कोणालाही वाचायला खुली होती. नोंदवह्या ठेवणाऱ्याचं याहून मोठं यश मला तरी माहीत नाही.

जाता जाता एक काम सांगतो. आम्ही या वर्षी बाहेर पडतोय. होस्टेलच्या रॅकमधली कुठली वायर कुठल्या मजल्यावर जाते, कुठल्या राउटरचा नंबर काय, कधी काय बदललं, हे सगळं एका दोनशे पानी वहीत लिहून रेक्टर सरांच्या ऑफिसात ठेवलंय. पासवर्ड त्यात नाहीत, ते सरांकडे आहेत. पहिली अकरा पानं भरली आहेत. ज्युनिअर्सनो, बारावं तुमचं!

— अंतिम वर्ष, संगणक अभियांत्रिकी