नारायण मेघाजी लोखंडे: रविवारची सुट्टी मिळवून देणारा माणूस

कुर्ल्यातल्या स्वदेशी मिलचा भोंगा कधीच थांबला. माझा भोंगा फोनमध्ये आहे; घरून काम करतो, त्यामुळे रविवारीही वाजतो. अशा वेळी लोखंडे आठवतात. जन्म १८४८चा. रेल्वे, टपाल खातं, मग मांडवीच्या गिरणीत स्टोअरकीपर. कामगारांचे हाल तिथे रोज समोर दिसायचे. जोतीराव फुल्यांचे सहकारी, ‘दीनबंधू’चे संपादक. १८८४ मध्ये त्यांनी बॉम्बे मिल हँड्स असोसिएशन काढली. मागण्या बघा: रविवारी सुट्टी, दुपारी अर्धा तास विश्रांती, सूर्यास्तानंतर काम बंद, १५ तारखेपर्यंत पगार. सह्या साडेपाच हजार, तेही व्हॉट्सॲप नसताना! १० जून १८९० ला मालकांनी रविवार मान्य केला. १८९७ मध्ये प्लेगच्या रुग्णांसाठी झटताना लोखंडे प्लेगनेच गेले. दुपारचा तो अर्धा तास? मी अजून मीटिंग म्यूट करूनच जेवतो.