सेनापतींचं रेफरन्स बुक

परीक्षा जवळ आली की होस्टेलवर एकच धावपळ सुरू होते, पुस्तकांची! लायब्ररीत रेफरन्स बुकच्या कॉपीज मोजक्या, त्याही आधीच सिनियर्सच्या नावावर. मग कुणाचं तरी पुस्तक एका रात्रीसाठी मागून आणायचं, सकाळी सोनईत झेरॉक्सला टाकायचं आणि पुसट आलेल्या आकृत्या बघत नशिबाला दोष द्यायचा.

अशाच एका संध्याकाळी हवं ते पुस्तक मिळालं नाही, म्हणून मी मराठीच्या कपाटापाशी रेंगाळत होतो. हाताला लागलं सेनापती बापटांचं चरित्र. खरं सांगतो, सेनापती बापट म्हणजे माझ्यासाठी तोवर पुण्यातला एक रस्ता होता! माझं शिक्षण कॉन्व्हेंटमधलं, त्यामुळे मराठी पुस्तक वाचायला मला वेळ लागतो. पण पहिल्याच पानावर दोन गोष्टी वाचल्या आणि मी खुर्ची ओढून बसलो. एक म्हणजे हा माणूस आपल्याच जिल्ह्यातला, पारनेरचा. सोनईहून नगरला एसटी बदलली की पारनेर. आणि दुसरी म्हणजे तो इंजिनिअरिंगचा विद्यार्थी होता.

पांडुरंग महादेव बापट यांचा जन्म १२ नोव्हेंबर १८८० रोजी पारनेरला झाला. घरची परिस्थिती बेताची, पण डोकं तल्लख. पुण्याच्या डेक्कन कॉलेजात शिकून, मंगळदास नथुभाई शिष्यवृत्ती मिळवून १९०४ साली ते स्कॉटलंडमध्ये एडिंबरोला गेले. हेरियट-वॉट कॉलेजात त्यांचा विषय होता मेकॅनिकल इंजिनिअरिंग. पण मनात अभ्यासक्रम वेगळाच चालू होता. देश स्वतंत्र करायचा तर शस्त्र चालवता आलं पाहिजे, असं त्यांच्या पिढीतल्या अनेकांना वाटत होतं. आणि इथे १८७८ च्या शस्त्रकायद्यामुळे सामान्य भारतीयाला परवान्याशिवाय बंदूक बाळगायची सोय नव्हती. जे हातात धरता येत नाही ते शिकणार कसं? बापट तिकडे रायफल क्लबमध्ये जाऊन निशाणेबाजी शिकले.

पुढे एका सभेत त्यांनी हिंदुस्थानातल्या इंग्रजी राज्याविरुद्ध निबंध वाचला. झालं, शिष्यवृत्ती बंद! आपल्याकडे स्कॉलरशिपचा फॉर्म एक आठवडा उशिरा गेला तरी घाम फुटतो. त्यांची तर परदेशात असताना गेली. ते लंडनला इंडिया हाऊसमध्ये आले. तिथे सावरकर होते.

तिथून सुरू झाला एका पुस्तकाचा शोध. कुठल्याही लायब्ररीत न मिळणारं पुस्तक! बापट पॅरिसला गेले. त्यांच्यासोबत बंगालचे हेमचंद्र दास आणि मिर्झा अब्बास हेही होते. हेमचंद्रांनी तर या प्रवासासाठी आपली मालमत्ता विकली होती. झारशी लढणाऱ्या रशियन क्रांतिकारकांना स्फोटकांची माहिती होती आणि त्यांच्याकडे त्या विषयाची एक पुस्तिका होती. ती मिळाली, पण होती रशियन भाषेत! तिचा इंग्रजी अनुवाद करवून घेतला गेला आणि मग प्रती काढल्या गेल्या. सायक्लोस्टाईल म्हणजे आपल्या झेरॉक्सचे आजोबाच. नंतर नाशिकला बाबाराव सावरकरांच्या घरझडतीत अशीच एक टाईप केलेली प्रत सापडली. तिची पानं सुमारे साठ होती आणि आकृत्या ४५. आकृत्यांसकट कॉपी मिळणं किती अवघड असतं, हे होस्टेलवाल्यांना वेगळं सांगायला नको!

१९०८ मध्ये बापट मायदेशी परतले. पण पुस्तक एकदा हातातून सुटलं की ते कुणाच्या हातात जाईल आणि त्याचं काय होईल, हे आपल्या ताब्यात राहत नाही. हेमचंद्रांच्या बंगालमधल्या गटाने न्यायाधीश किंग्जफोर्डला मारायचं ठरवलं. ३० एप्रिल १९०८ रोजी मुजफ्फरपूरला बॉम्ब पडला, तो चुकीच्या गाडीवर. मेल्या त्या केनेडी नावाच्या मायलेकी, ज्यांचा या लढाईशी काहीच संबंध नव्हता. लगेच धरपकड झाली, अलीपूरचा खटला उभा राहिला आणि त्यात बापटांचंही नाव आलं. चार वर्षांहून जास्त काळ ते भूमिगत राहिले. १९१२ साली इंदूरला पकडले गेले, पण पुराव्याअभावी सुटले.

इथे मी पुस्तक मिटून बराच वेळ बसलो. एवढा शोध, एवढी वणवण, आणि त्या विद्येचा पहिला मोठा हिशेब म्हणजे दोन निरपराध बायका. चूक कुणाची? पुस्तकाची, शिकणाऱ्याची, की ज्या राज्यात दुसरा रस्ताच ठेवला नव्हता त्याची? मला उत्तर सापडलं नाही. पण बापटांनी पुढे काय केलं ते मात्र सापडलं. ते पारनेरला परतले आणि त्यांनी हातात झाडू घेतला. हेरियट-वॉटला इंजिनिअरिंग शिकलेला माणूस गावातले रस्ते आणि संडास साफ करायचा!

१९२१ मध्ये मुळशीला टाटांच्या वीजप्रकल्पाच्या धरणासाठी शेतकऱ्यांच्या जमिनी जाऊ लागल्या, तेव्हा बापट त्यांच्या बाजूने उभे राहिले. याच सत्याग्रहाने त्यांना सेनापती केलं. गंमत बघा, इंजिनिअरिंग शिकलेला माणूस धरणाच्या विरोधात! शेवटी रेल्वे अडवल्याबद्दल त्यांना ७ वर्षांची शिक्षा झाली. धरण झालंच. पण विजेचा हिशेब मांडताना बुडालेल्या गावांचाही मांडावा लागतो, हे कुणीतरी सांगून ठेवलं. आम्हाला डॅम डिझाईनमध्ये हा चॅप्टर नाही.

१५ ऑगस्ट १९४७ ला पुण्यात झेंडा फडकवायचा मान त्यांना मिळाला. पुढे गोवामुक्ती आणि संयुक्त महाराष्ट्र या लढ्यांतही ते पुढे होते. आणखी एक गोष्ट मला फार आवडली. अलीपूर खटल्यात ज्या अरविंद घोषांवर आरोप होता, त्यांच्याच 'दिव्य जीवन' या ग्रंथाचा मराठी अनुवाद बापटांनी केला. २८ नोव्हेंबर १९६७ रोजी ते गेले.

मित्रांनो, आपण रेफरन्स बुक शोधतो ते पेपरपुरतं. पेपर झाला की ते कुठे जातं, आठवत नाही. बापटांना त्यांचं पुस्तक जन्मभर पुरलं, त्याच्या किमतीसकट. मला हवं असलेलं पुस्तक त्या दिवशी मिळालं नाही आणि त्या विषयात मार्कही जेमतेमच पडले. पण त्यानंतर कुठलंही पुस्तक उघडताना, हे शिकून मी नक्की काय करणार आहे, असा प्रश्न एकदा तरी डोक्यात येतोच.