दुर्बळ राष्ट्रांचा कैवारी

शेतकऱ्याच्या धान्याचा भाव कोसळावा आणि त्याला लागणाऱ्या नांगराची किंमत मात्र फारशी उतरू नये, तर त्याची काय दशा होईल? जागतिक व्यापारात गरीब राष्ट्रांची अशीच दशा होते, हे जगापुढे ठामपणे मांडणारे अर्थशास्त्रज्ञ म्हणजे राऊल प्रेबिश होत.

प्रेबिश यांचा जन्म १७ एप्रिल १९०१ रोजी दक्षिण अमेरिकेतील अर्जेंटिना देशात तुकुमान या शहरी झाला. ब्युनॉस आयर्स येथे त्यांनी अर्थशास्त्राचे अध्ययन केले. खुल्या व्यापाराने सर्वांचेच कल्याण होते, अशी तरुणपणी त्यांची श्रद्धा होती. परंतु १९२९ साली जगावर महामंदीचे संकट कोसळले. गहू व मांस विकून परदेशी यंत्रे घेणारा त्यांचा देश हवालदिल झाला. पूर्वीइतकीच यंत्रे घेण्यासाठी आता कितीतरी अधिक धान्य द्यावे लागू लागले. ते पाहून प्रेबिश यांनी आपली जुनी मते पारखून घेतली आणि चुकीची वाटली ती निर्धाराने टाकून दिली.

१९३५ साली स्थापन झालेल्या मध्यवर्ती बँकेचा कारभार त्यांनी दक्षतेने सांभाळला. तथापि १९४३ मध्ये लष्करी राजवटीने त्यांना पदावरून दूर केले. ते खचले नाहीत. अध्यापन आणि चिंतन यांत त्यांनी तो काळ घालविला. पुढे चिली देशातील सांतियागो येथे संयुक्त राष्ट्रांच्या लॅटिन अमेरिकेविषयीच्या आर्थिक आयोगाचे काम त्यांनी हाती घेतले. केवळ कच्चा माल विकून देश वर येत नाही, त्याने स्वतःचे उद्योग उभारले पाहिजेत, हा विचार त्यांनी १९४९ साली मांडला.

१९६४ मध्ये जिनिव्हा येथे संयुक्त राष्ट्रांची व्यापार व विकास परिषद भरली. तिचे महासचिव प्रेबिश होते. तेथे भारतासह ७७ विकसनशील राष्ट्रे प्रथमच एका आवाजात बोलली. दुसरी परिषद १९६८ साली नवी दिल्लीत झाली. गरीब देशांच्या पक्क्या मालावर श्रीमंत देशांनी कमी जकात घ्यावी, हे तत्त्व तेथे मान्य झाले आणि १९७१ पासून ते अमलात येऊ लागले. प्रेबिश यांच्या साऱ्याच अपेक्षा काही पूर्ण झाल्या नाहीत. पण दुर्बळांचे गाऱ्हाणे मांडण्यास एक कायमचे व्यासपीठ मिळाले.

भारताने १९७४ चा नेहरू पुरस्कार देऊन त्यांचा गौरव केला. २९ एप्रिल १९८६ रोजी सांतियागो येथे त्यांचे निधन झाले. अनुभवाने खोटे ठरलेले मत सोडण्यास आणि खरे ठरलेले मत बलवानांपुढे मांडण्यास सारखेच धैर्य लागते. प्रेबिश यांच्या ठायी ही दोन्ही धैर्ये होती.